बॅटरीवरचा नंबर

बोर्ली पंचतन,
रविवार, दुपार

प्रिय धर्मा,

हे दोन शब्द लिहून मी पाच मिनिटं नुसता बसलो होतो. तुला 'प्रिय' म्हणायचा हक्क मी एप्रिलमध्येच घालवून बसलोय, पण पत्राची दुसरी कुठली सुरुवात मला सुचत नाही. अक्षर ओळखलंच असशील. आठवी ते दहावी तीन वर्षं फळ्यावर हेच अक्षर पाहिलंयस. फोन करायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. तीनदा तुझं नाव काढलं आणि रिंग जायच्या आत बंद केला. तिसऱ्या वेळी बहुतेक एक रिंग गेली असावी, कारण लगेच तुझ्या बायकोचा, काशीचा, फोन आला आणि तो मी उचलला नाही. म्हसळ्याच्या तुळशीराम शेठच्या संस्थेची रुग्णवाहिका येतेय आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून तू अर्ज केलायस, हे मला कळलंय. गुरुवारी त्यांची समिती बसणार आहे, हेही कळलंय. तुझ्या अर्जाच्या आड एकच गोष्ट येतेय, आणि ती म्हणजे मी. त्याबद्दलच लिहितोय. राग येईल तिथे पत्र खाली ठेव, पण फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय करायचं ते तुझं तू ठरव.

आधी इकडची हालहवाल सांगतो, म्हणजे मला जरा धीर येईल. वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तू तीन दिवस करवत घेऊन रस्त्यावरचे सोट कापत होतास, आठवतंय ना? त्यानंतर आपण दोघांनी विहिरीच्या अंगाला जी रोपं लावली, ती यंदा पहिल्यांदा धरली. कुमुदने पहिली सुपारी देवापुढे ठेवली आणि म्हणाली, धर्माला दाखवायला हवी होती. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. तिचे गुडघे आता पार गेलेत, तरी रोज वाडीत फेरी घालतेच. माझं ऐकणं तिने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सोडलं. तू गेल्यापासून आपली पिकअप मीच चालवतो. सदुसष्टाव्या वर्षी चढावर गिअर बदलणाऱ्या माणसाच्या मागे गाड्यांची केवढी रांग लागते ते तुला सांगायला नको. पुण्या-मुंबईचे पाहुणे मागून हॉर्न मारतात आणि मी खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणतो. पण गाडी सुरू होते. रोज सकाळी, चावी फिरवली की पहिल्या फटक्यात. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, कारण सात महिने मी त्याच वाक्याच्या आड लपून बसलोय.

आता एप्रिलचं बोलतो. खरं तर गोष्ट शिमग्यापासून सुरू होते. जानेवारीत आपण नवी बॅटरी घातली, जुनी चार वर्षं चालली होती म्हणून कुणाला काही वाटलं नाही. शिमग्याला तू पालखीसाठी पाच दिवस गावी गेलास, गाडी मांडवाखाली उभी होती. तू परत आलास आणि गाडी हूं की चूं करीना. शेजारच्या टेंपोवरून वायर जोडून आपण ती सुरू केली. पंधरा दिवसांनी काशीच्या भाचीच्या लग्नाला तू तीन-चार दिवस गेलास, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तू रजेवरून आलास त्याच सकाळी. माझ्या डोक्यात तेव्हाच पाल चुकचुकली की हा रजेवर गेला की बॅटरी मरते. त्यात दिघीला तुझ्या मेव्हण्याच्या, कोंडाजीच्या होडीत मी एक बॅटरी बघितली होती, त्याच कंपनीची, तसंच लाल झाकण, नवी कोरी. मी तिथल्या तिथे मनात हिशेब जुळवून टाकला: आपली नवी होडीवर गेली आणि होडीची खारं पाणी प्यालेली जुनी आपल्या गाडीत आली. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की निरीक्षण म्हणजे निष्कर्ष नव्हे. स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन्हींतला फरक मला दिसला नाही. शहाळी कापावीत इतक्या सहज मी तुझ्या नावावर कोयता चालवला.

तो फेरीबोटीचा दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. शहाळी आणि सुपारी मुरूडला पोचवायची होती. त्या सकाळीही टेंपोवरूनच सुरू केली होती आपण. दिघीच्या धक्क्यावर बोट तासभर उशिरा आली. उकाडा होता, इंजिन बंद होतं आणि पंखा लावून ठेव असं म्हणणारा मीच होतो. कशीबशी गाडी बोटीत चढली, सगळ्यांत पुढे लागली. पलीकडे आगरदांड्याला बोटीची फळी खाली आली आणि तू चावी फिरवलीस तर नुसतं टक्-टक्. आपण पुढे, मागे आठ-दहा गाड्या अडकलेल्या. लोक ओरडायला लागले. शेवटी चड्डी घातलेल्या चार पाहुण्या पोरांनी गाडी ढकलून खाली आणली आणि मी, बोर्लीचा निवृत्त मुख्याध्यापक, आत सीटवर बसून होतो, उतरून हात लावायचंही मला सुचलं नाही. त्यांतला एक जण म्हणाला, काका, गाडी भंगारात द्या. माझा राग त्या पोरावर निघायला हवा होता. तो तुझ्यावर निघाला, कारण तू जवळ होतास आणि उलट बोलणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

मी काय बोललो ते शब्द इथे पुन्हा लिहिले नाहीत तर हे पत्रही पळवाटच ठरेल. मी म्हणालो की, माझी नवी बॅटरी काढून मेव्हण्याच्या होडीला लावलीस आणि त्याचं भंगार माझ्या गाडीत घातलंस, चोर आहेस. चोर हा शब्द मी दोनदा वापरला, दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण पहिल्यांदा मागच्या लोकांना ऐकू गेला नसेल असं मला वाटलं. धक्क्यावर कोळणी होत्या, तिकिटाची रांग होती, तुझ्या सासरचे दोघे होते. गोदूबाई टोपली खाली ठेवून म्हणाली, सर, पोरगा तसा न्हाय वो. मी तिलाही गप्प बसवलं. तू मात्र एकही वाकडा शब्द बोलला नाहीस. तू बॉनेट उघडलंस, शर्टाच्या टोकाने बॅटरीचं झाकण पुसायला लागलास आणि म्हणालास, सर, बॅटरी हीच हाय. माज्यावर इस्वास न्हाय तर नंबरावर ठेवा, कार्ड तुमच्याच घरात हाय, घरी जाऊन बगा. इतकं सोपं होतं, धर्मा. दोन नंबर शेजारी धरून बघायचे, दुसरी-तिसरीतलं पोरही करील. मी काय म्हणालो? मला शिकवू नकोस, तुला मी शिकवलंय. मग तू बॉनेट बंद करून चावी त्यावर ठेवलीस, वाऱ्याने पडू नये म्हणून वायपरखाली सरकवलीस, आणि उलट्या फेरीने दिघीला परत गेलास. त्या रागातही चावी पडू नये याची काळजी तू घेतलीस. ते मला तेव्हा दिसलं होतं आणि तरीही मी हाक मारली नाही.

तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीवर लागला असता. तुला कुणी घेतलं नाही. कारण मी बोललो होतो. इथे माझ्या शब्दाला अजून वजन आहे. अर्ध्या बोर्लीला मी गणित-विज्ञान शिकवलंय. लोक म्हणाले, सोमण सरांनी काढला म्हंजे कायतरी असंलच. तू दिघीला माल चढवायच्या कामावर जातोस हे मला जूनमध्ये कळलं. स्टिअरिंगवर ज्याचा हात इतका हलका, की मागे रचलेल्या शहाळ्यांतलं एक फुटू नये, तो माणूस पाठीवर पोती वाहतोय, हे ऐकून मी चहा संपवला आणि दुसरा मागितला.

आता मुख्य गोष्ट. कुमुदला सुरुवातीपासून तुझं पटत नव्हतं, म्हणजे तू केलंस हे पटत नव्हतं. ती भांडली नाही, फक्त दर आठ-दहा दिवसांनी एकदा विचारायची, तुम्ही नक्की बघितलंत ना? तिचं तोंड बंद करावं म्हणून मी म्हसळ्याहून मीटर आणला. लक्षात घे, तुला निर्दोष ठरवायला नाही, तुझी चोरी आकड्यांत पकडायला. एका रविवारी सकाळी मांडवाखाली बॉनेट उघडलं. गाडी चार दिवस उभी होती. मीटरची लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला लावली. पूर्ण भरलेल्या बॅटरीला साडेबाराच्या वर व्होल्ट हवेत. मीटरने अकरा पूर्णांक आठ दाखवले. मी कुमुदला हाक मारून आकडा दाखवला आणि म्हटलं, बघ, मेलेली आहे, होडीवरचीच. ती म्हणाली, मेलेली आहे की उपाशी आहे? मला तेव्हा तिचा राग आला. पण प्रश्न बरोबर होता, विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायला हवा होता तोच.

म्हणून टेंपोवाल्याकडून चार्जर आणून ती भरली, काढून ठेवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. बारा पूर्णांक सात. सेल मारताना कुमुदला मीटर बघायला बसवलं. आकडा साडेदहाच्या खाली आला नाही, जुनी बॅटरी असती तर नऊच्याही खाली बसली असती. इंजिन चालू ठेवून मोजलं, चौदा पूर्णांक दोन. दिवे, पंखा, वायपर, सगळं लावलं, तरी तेरा पूर्णांक नऊ. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, चार्जिंग ठणठणीत, आणि बॅटरीही तरुण. टोकांवर खाऱ्या हवेने पांढरट-हिरवी भुकटी धरली होती. तू दर महिन्याला गरम पाण्यात सोडा घालून ती धुवायचास आणि मी तुला हसायचो. मी तसंच पाणी केलं, तसंच ब्रशने घासलं. झाकण स्वच्छ झालं आणि कोरलेला नंबर वर आला. कपाटात, पंचांगाच्या मागे, वॉरंटीचं कार्ड होतं. शेवटचे चार आकडे ७३१९. बॅटरीवरही ७३१९. मी ते चार आकडे बोटाने सहा-सात वेळा तपासले, जणू काही सातव्या खेपेला ते बदलणार होते.

मग प्रश्न उरला की चांगली बॅटरी उभ्या गाडीत मरते कशी. ऋण टोकाची वायर सोडली आणि मीटर मध्ये एकसर जोडला. तुला आठवत असेल, नववीत तू तो समांतर जोडला होतास आणि शाळेचा एकुलता एक ॲमीटर जळला होता. मी तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं. चावी काढलेली, दारं बंद, सगळे दिवे बंद. उभ्या गाडीचं घड्याळ वगैरे मिळून एक-दोन शतांश अँपिअर जातात. मीटर दाखवत होता चाळीस शतांश. कोणीतरी गुपचूप बॅटरी पीत होतं. एकेक फ्यूज काढून बघितला, आकडा हलला नाही. मग धन टोकावरून निघून डॅशबोर्डच्या मागे गेलेली एक बारीक लाल वायर दिसली. तिच्यावर पिवळी टेप होती, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. पिवळी टेप आमच्या घरात एकाच माणसाकडे असते आणि टोक आत दुमडायची सवयही त्याचीच.

गेल्या वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा डॅशबोर्डवर दत्ताची तसबीर बसवली होती, तिच्यापुढे इवलासा दिवा, भोवती लुकलुकणारी माळ आणि नामजपाची डबी. तू त्या दिवशी सुट्टीवर होतास. बोर्लीचा वायरमन म्हणाला होता, सर, चावीवर जोडतो, गाडी बंद की दिवा बंद. मी म्हटलं, आमच्या घरात नंदादीप विझत नाही, गाडीतलाही विझता कामा नये. आणि मीच वायर थेट बॅटरीवर नेली, मध्ये बटणसुद्धा ठेवलं नाही, कुणी चुकून बंद करील म्हणून. महिन्याभरात तू तक्रार केलीस की जपामुळे मागचा हॉर्न ऐकू येत नाही, तर मी आवाज शून्यावर नेला. आवाज गेला, डबी चालूच राहिली. आणि तू एकदा विचारलंही होतंस, सर, ह्यो दिवा बंद कसा करायचा, गाडी उबी असताना पन चालूच हाय. मी हसून म्हणालो होतो, देवाचा दिवा बंद करत नसतात, आणि एवढ्याशाने बॅटरीला काय होतंय. दिवसाला दहा अँपिअर-तास होतात, धर्मा. शिमग्याच्या पाच दिवसांत पन्नास, बॅटरी ऐंशीची. हा गुणाकार पाचवीतला आहे. तू रजेवर गेलास की बॅटरी मरायची, कारण तू रजेवर गेलास की गाडी उभी राहायची. एवढंच होतं.

माणसाने चूक केली आणि कळल्यावर धावत जाऊन कबूल केली, तर ती माफ होण्यासारखी असते. मी काय केलं ते ऐक. मी इकडेतिकडे बघितलं. कुमुद मागच्या दारी कोकमं वाळत घालत होती. मी वायर सोडली, दिवा, माळ आणि डबी काढली, सगळं एका रिकाम्या डब्यात घालून खोबऱ्याच्या पोत्यांमागे सरकवलं. पुन्हा मीटर लावला, दोन शतांश. बॉनेट बंद केलं. कुमुदने मांडवात येऊन विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, टोकांवर कचरा होता. संध्याकाळी तिने विचारलं, दत्तापुढचा दिवा का नाही? मी म्हणालो, जळला. देवाचा दिवा मी लपवला आणि बायकोला सांगितलं की जळला. त्या दिवसापासून तिने मला नक्की बघितलंत ना असं विचारणं सोडलं. का सोडलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे सगळं मे महिन्यातलं. आज डिसेंबर आहे. सात महिने मला सगळं माहीत आहे. आणि या सात महिन्यांत सगळ्यांत वाईट काय झालं ते सांगतो: गाडी सुधारली. वायर काढल्यावर सुधारणारच. पण लोकांना वायर कुठे ठाऊक होती? त्यांना एवढंच दिसलं की धर्मा होता तोवर बॅटरी मरायची आणि धर्मा गेल्यापासून एकदाही मेली नाही. बोर्लीच्या बाजारात दुकानदार मला म्हणाला, बघा सर, चोर गेला नि गाडी सुधारली. मी म्हणालो, हं. सुपारीचा व्यापारी म्हणाला, तुम्ही बरोबर ओळखलंत. मी म्हणालो, हं. एप्रिलमध्ये मी रागाने बोललो होतो. राग निदान खरा होता. नंतरचा प्रत्येक हुंकार मी शांतपणे, विचार करून दिलाय. एप्रिलमधल्या आरोपाला पुरावा नव्हता. तो पुरावा मी रोज सकाळी चावी फिरवून तयार करत राहिलो. मला लाज वाटायची, रोज वाटायची, पण लाज पोटात ठेवून माणूस जेवतो, झोपतो, गणपतीची आरतीही करतो, हे मला या वयात कळलं. स्वतःला समजावायला कारणं होती. पोरं काय म्हणतील, शाळेच्या कार्यक्रमाला मला खुर्ची देतील का, मुलीच्या सासरी काय वाटेल. या सगळ्या यादीत तू किती पोती वाहिलीस हे कुठेच नव्हतं.

गेल्या मंगळवारी तुळशीराम शेठचा फोन आला. अगदी आदराने म्हणाला, सर, धर्मा तुमच्याकडे सहा वर्षं होता, रुग्णवाहिकेचा विषय आहे, गाडीत औषधं असतात, माणसांचे दागिने असतात, हाताचा कसा आहे तेवढं सांगा. मी म्हणालो, गाडी उत्तम चालवतो. तो थांबला. मीही थांबलो. त्या शांततेत मला एकच शब्द घालायचा होता, स्वच्छ, आणि तो मी घातला नाही. तो म्हणाला, समजलो, सर. फोन ठेवल्यावर मी ओटीवरच बसून राहिलो. वादळानंतर सगळे रस्ते बंद असताना कुमुदला छातीत दुखू लागलं होतं आणि तू तिला बाजूच्या पाखाडीच्या पायऱ्यांनी खांद्यावर उचलून म्हसळ्याच्या रस्त्याला नेलं होतंस. रुग्णवाहिका कशासाठी असते हे या तालुक्यात तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

शुक्रवारी मीच शेठला फोन केला, म्हटलं, मला धर्माबद्दल आणखी सांगायचंय. तो म्हणाला, तोंडी नको, सर, लिहून द्या, समितीपुढे ठेवतो. मी बसलो आणि सुबक अक्षरात चार ओळी लिहिल्या: एप्रिलमध्ये एका तांत्रिक बाबीवरून किरकोळ गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे, श्री. धर्मा हे मेहनती आहेत. शनिवारी गाडी घेऊन म्हसळ्याला गेलो. संस्थेच्या कचेरीसमोर गाडी लावून तो कागद पुन्हा वाचला. गैरसमज झाला होता. कुणाचा, कुणामुळे, कधी दूर झाला, काही नाही. त्या चार ओळींत मी एक सभ्य माणूस होतो आणि तू असा माणूस होतास ज्याच्याबद्दल कधीतरी काहीतरी झालं होतं. तो कागद दिला असता तर नोकरी कदाचित तुला मिळालीही असती आणि चोर हा शब्द तुझ्याबरोबर रुग्णवाहिकेत बसला असता. मी कागद न देता परत आलो. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

म्हणून हे एवढं लांब पत्र. हे तुला वाचायला दिलंय, पण तुझ्यासाठी आहे त्याहून जास्त, तू दुसऱ्यांना दाखवावंस म्हणून आहे. धर्माने चोरी केली नाही. चूक माझी होती, आणि ती मला मे महिन्यापासून माहीत होती. हे वाक्य शेठला दाखव, दिघीच्या धक्क्यावर दाखव, तुझ्या सासरी दाखव, हवं तर छायाप्रती काढून वाट. सात महिन्यांचं गप्प राहणं मी मुद्दाम यात लिहिलंय, म्हणजे यापुढे कुणी विचारलं की सोमण सर असे बोललेच कसे, तर तुला उत्तर शोधावं लागणार नाही. मला माफ कर असं लिहीत नाही; ते मागून तुझ्या पाठीवर अजून एक पोतं ठेवायचं नाही. पत्र घेऊन कुमुद येतेय, दुपारच्या एसटीने, गुडघ्यांचं ऐकत नाही. पाकीट मी चिकटवलेलं नाही आणि तिला सांगितलंय की वाटेत वाच. तिला हे अजून काहीच ठाऊक नाही. समोर बसून सांगायची छाती झाली नाही, तेव्हा ती तुझ्या दारात येईल ती सगळं वाचून येईल आणि तिच्या तोंडावर जे असेल ते तूच पहिल्यांदा पाहशील. गुरुवारी अकराला समिती आहे. मी दहा वाजल्यापासून कचेरीच्या दारात उभा असेन. तू पत्र पुढे केलंस तर ते मी वाचून दाखवीन, आणि नाही केलंस तरी सगळ्यांसमोर हेच सांगीन, चोर हा शब्द दोनदा उच्चारून, कारण तो दोनदाच वापरला होता.

तुझाच, पण तुझ्याकडून सर म्हणवून घ्यायच्या लायकीचा न उरलेला,
यज्ञेश्वर सोमण